शेवटची गाडी गेल्यावर पुलाचं काय करायचं?

6 एप्रिल 2025 रोजी रामेश्वरच्या नव्या पांबन पुलाचं उद्घाटन झालं. साडेबहात्तर मीटर लांबीचा गाळा सरळ वर उचलला जातो आणि खालून जहाज जातं, हे दृश्य त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. त्याच चौकटीत, शेजारीच, आणखी एक पूल दिसत होता. गंजलेला, कमी उंचीचा, समुद्रातल्या खांबांची रांगच रांग असलेला. तो 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झालेला जुना पांबन पूल. डिसेंबर 2022 मध्ये त्याच्यावरची वाहतूक थांबली. त्याचा मधला, शेर्झर पद्धतीचा गाळा दोन पंखांसारखा उघडायचा आणि तो उघडायला कामगार दोन्ही बाजूंनी हाताने लिव्हर फिरवायचे. गाळ्यांतून वाहणारा खारा वारा, वर्षानुवर्षं चाललेलं गंज खरवडणं आणि रंग देणं, यावर तो पूल शंभरहून अधिक वर्षं टिकला.

डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्रात गेली आणि पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले. शेर्झर गाळा मात्र उभा राहिला. दुरुस्तीचं काम ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरकडे आलं. समुद्राच्या तळाशी गेलेले गर्डर शोधून, बाहेर काढून, पुन्हा बसवून त्यांनी 46 दिवसांत पूल चालू केला. पुढे हेच श्रीधरन आपल्याकडे कोकण रेल्वे घेऊन आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला माणूस आज ज्या पुलांवरून मुंबईला येतो, त्या पुलांमागच्या जिद्दीची पहिली कसोटी पांबनला लागली होती, असं म्हणायला हरकत नाही.

आता जुना पूल उतरवण्याच्या हालचाली सुरू झाल्या आहेत. त्याखालून जहाजांचा मार्ग जातो, त्यामुळे मधला गाळा जागेवर ठेवणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण या प्रकरणात मला खरा प्रश्न वेगळाच दिसतो. नवा पूल मंजूर झाला, त्याच्यासाठी 500 कोटींहून अधिक रक्कम ठरली, आराखडे झाले, त्या सगळ्या कागदांत जुन्या पुलाचं पुढे काय करायचं याला ठळक जागा असायला हवी होती. तशी जागा आपल्या कुठल्याच मोठ्या प्रकल्पात नसते. पूल वापरात असतो तोवर तो रेल्वेच्या नोंदवहीत जिवंत असतो. त्याला क्रमांक असतो, तपासणीची तारीख असते, जबाबदार अधिकारी असतो. शेवटची गाडी गेली की तो भंगाराच्या यादीत जातो, किंवा कुठल्याच यादीत राहत नाही. नव्या पुलाला मंजुरी देताना त्याच कागदावर जुन्याचा मालक, तपासणीस आणि खर्च ठरला पाहिजे, आणि लोकांना तो पूल जवळून पाहता येईल अशी सोय त्यात धरलेली असली पाहिजे. हे माझं म्हणणं आहे, आणि ते मी आग्रहाने मांडतो आहे.

असं न ठरवल्याने काय होतं, ते पाहायला गोदावरीच्या काठाने खाली जावं. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली आपली गोदावरी आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचते तेव्हा समोरचा काठ अंधूक दिसावा इतकी रुंद झालेली असते. तिथे मद्रास-हावडा मार्गासाठी 1897 ते 1900 या तीन वर्षांत पूल बांधला गेला. मद्रासचे गव्हर्नर हॅवलॉक यांचं नाव त्याला मिळालं. दगडी खांबांवर प्रत्येकी सुमारे 150 फुटांचे 56 गाळे, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या घरात. जवळपास शंभर वर्षं गाड्या त्याच्यावरून धावल्या. 1997 मध्ये शेजारी काँक्रीटच्या कमानींचा नवा पूल उभा राहिला आणि हा बंद झाला. तो कमानींचा पूल मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने बांधला. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या या कंपनीची सुरुवातीची कामं आपल्या बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांची. म्हणजे ज्या हातांनी घाटात नवा मार्ग खोदला आणि जुना निवृत्त झाला, त्याच घराण्याच्या कंपनीने सत्तर वर्षांनी गोदावरीवरही तेच केलं.

1997 नंतर हॅवलॉक पूल पाव शतकाहून जास्त काळ नुसता उभा राहिला. पर्यटनस्थळ करू, चालण्याचा मार्ग करू, अशा घोषणा येत-जात राहिल्या. अखेर जून 2025 मध्ये ‘अखंड गोदावरी’ या सुमारे 94 कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि त्यात या पुलाचा विकास आहे. 2027 च्या पुष्करमच्या, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या गोदावरीच्या मेळ्याच्या, आधी काम उरकण्याचा विचार आहे. त्याच वर्षी वरच्या अंगाला नाशिकला सिंहस्थ असेल. प्रकल्प झाला याचा मला आनंद आहे. पण मधल्या अठ्ठावीस वर्षांत त्या लोखंडाला नियमित रंग मिळाला असता, खांबांच्या पायाशी होणारी धूप दरवर्षी मोजली गेली असती, तर आज खर्चही कमी आला असता आणि मुदतीची घाईही नसती. धार्मिक मेळ्याच्या तारखेला जोडून सव्वाशे वर्षांच्या लोखंडाची दुरुस्ती करणं मला योग्य वाटत नाही. लाखोंची गर्दी पहिल्याच दिवशी त्याच्यावर जाणार असेल तर आधी काही महिने मोजक्या लोकांना जाऊ द्यावं, मोजमाप घ्यावं आणि मगच दारं पूर्ण उघडावीत.

कुणी विचारेल, जाऊन बघायचंच कशाला? फोटो आहेत, चित्रफिती आहेत. यावर माझं उत्तर खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनपाशी आहे.

बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम 1856 ला सुरू होऊन 1863 ला पुरं झालं. साधारण 25 किलोमीटरमध्ये 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, मोठे कमानींचे पूल. एका जागी चढ इतका तीव्र आणि वळायला जागा इतकी कमी, की गाडी कड्याच्या टोकाशी येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. 1929 च्या सुमारास नवे बोगदे झाले, वळसा गेला, हे स्टेशन सुटलं. आज द्रुतगती मार्गावरून जाताना त्याच्या खुणा काही क्षण दिसतात आणि मागे पडतात. गाडीच्या काचेतून ते फक्त काळे दगड आहेत. पण तिथे पायी उभं राहून खाली दरीकडे पाहिलं की काही गोष्टी शरीरालाच कळतात. इथे यंत्र नव्हतं. सुरुंगाची भोकं पाडायला माणसाला दोरीने कड्यावरून सोडत. तासलेल्या दगडाच्या प्रत्येक तोंडावर छिन्नीचे फटके आहेत, आणि ते एकसारखे नाहीत, कारण हात वेगवेगळे होते. दगड इथवर चढवला कसा असेल, पावसाळ्यात काम बंद पडल्यावर ही माणसं कुठे जात असतील, हे प्रश्न पुस्तकात वाचून पडत नाहीत. तिथे ते पडतातच.

1861 च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर माणसं एकाच वेळी राबत होती. पटकीने आणि तापाने हजारो गेली. जानेवारी 1859 मध्ये मजुरी वेळेवर मिळाली नाही म्हणून इथे दंगा झाला, एक गोरा मारला गेला, आणि काही आठवड्यांत ठेकेदार फॅव्हिएल काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवला आणि काम तडीस नेलं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली मार्ग पुरा होण्याआधीच 1862 मध्ये गेला. यातल्या गोऱ्यांची नावं ठाऊक आहेत. बाकीच्यांची नाहीत. त्यांनी मागे ठेवलेली एकमेव सही म्हणजे ते छिन्नीचे फटके. तो दगड काढून रस्त्याच्या भरावात टाकला की सहीसुद्धा गेली.

‘इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी बांधलेलं, ते आपण का जपायचं?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो विचारणारी माणसं देशाबद्दल कळकळीनेच विचारतात. इंग्रजांची सोय होती, यात वाद नाही. कापूस बंदरावर आणि फौज वर देशावर, हाच हिशेब होता. पण हा मार्ग बांधणाऱ्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची जी हमी होती, ती हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती. गाडीला नफा होवो न होवो, विलायतेतल्या माणसाला त्याचे पाच टक्के मिळत, आणि ते इथल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून जात. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओघाचा हिशेब मांडला, त्यातला हा एक मोठा ओघ. म्हणजे पैसा इथला, घाम इथला, प्रेतंही इथलीच. मग वस्तू परक्याची कशी? शिवाय ही कहाणी सांगायची असेल तर ती दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या दालनात सांगण्यापेक्षा त्याच खांबापाशी फलक लावून सांगावी. आज बोरघाटात प्रवाशाला हे सांगणारं ठळक असं काही दिसत नाही. काम चांगलं होतं असा भाबडा समजही तिथे टिकणार नाही. मार्ग सुरू होऊन चारच वर्षांनी, 1867 च्या पावसाळ्यात, याच घाटातला आठ कमानींचा एक पूल कोसळला. दगडकामात कसर झाली होती. तेही फलकावर लिहावं.

आता खरा कठीण आक्षेप. धोका.

15 जून 2025, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो रेल्वेचा पूल नव्हता, पण या चर्चेत त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. पूल धोकादायक आहे, असा फलक तिथे होता. ऑक्टोबर 2022 मध्ये मोरबीचा झुलता पूल तुटला आणि 135 माणसं गेली. तो नुकताच दुरुस्त करून उघडलेला होता. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 चा दगडी पूल पुराच्या रात्री वाहून गेला, एस. टी.च्या दोन गाड्या आणि त्यातली माणसं घेऊन. तो तर रोजच्या वाहतुकीचा पूल होता.

या तीन घटनांवरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की जुने पूल पाडून टाका, नाहीतर कुंपण घालून माणसांना लांब ठेवा. मी उलट निष्कर्ष काढतो. कुंडमळ्याने दाखवलं की फलक म्हणजे व्यवस्था नव्हे. ज्या जागेची ओढ असते तिथे माणसं जातातच. पावसाळ्यात दूधसागरला दरवर्षी हेच होतं. रुळावरून चालत जाणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो. जुलै 2023 मध्ये तर तिथे पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. तरी माणसं जातात. बंद पुलावर गुपचूप जाणारा मुलगा आणि उघड्या, मोजलेल्या, राखणदार असलेल्या पुलावर तिकीट काढून जाणारा मुलगा, यातला कोणता जास्त सुरक्षित? मनाई ठेवून आपण धोका कमी करत नाही, फक्त त्याची जबाबदारी मुलाच्या अंगावर ढकलतो.

हे जमतं का? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात किंझुआ नावाचा रेल्वेपूल होता. 1882 ला लोखंडात बांधला, 1900 ला पोलादात पुन्हा उभारला. 301 फूट उंच, दोन हजार फुटांहून लांब. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा जगातला सर्वांत उंच रेल्वेपूल होता. 1959 ला मालगाड्या थांबल्या आणि पूल भंगारवाल्याला विकला गेला. त्या भंगारवाल्याने तो पाडायला नकार दिला. 1963 मध्ये राज्याने तो घेऊन उद्यान केलं आणि पुढे त्याच्यावरून पर्यटकांची गाडी चालू लागली. 2002 मध्ये इंजिनिअरांना तपासणीत खांब गंजाने पोखरलेले दिसले. गाडी लगेच बंद झाली, थोड्याच दिवसांत पायी जाणंही बंद झालं. दुरुस्ती चालू असतानाच, 21 जुलै 2003 रोजी, टोर्नेडोने, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळाने, वीसपैकी अकरा मनोरे अर्ध्या मिनिटात आडवे केले. 1882 च्या पायातले जुने बोल्ट 1900 मध्ये तसेच ठेवले होते, ते गंजून गेले होते. पण पुलावर एकही माणूस नव्हता, कारण तो वेळेवर बंद केलेला होता.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर घडलेलं. पूर्ण पूल परत उभारायला अंदाजे साडेचार कोटी डॉलर लागणार होते. राज्याने तो नाद सोडला. उरलेल्या मनोऱ्यांपैकी सहा मजबूत करून त्यांच्यावर 2011 मध्ये पायवाट काढली, टोकाला काचेची जमीन केली, आणि पडलेले मनोरे दरीत पडले तसेच ठेवले. खर्च सुमारे 43 लाख डॉलर, म्हणजे अंदाजाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. लोक आज तो पडलेला पूल पाहायला जातात. वादळ काय करू शकतं आणि शतकभर न बदललेला बोल्ट काय करू शकतो, हे त्यांना तिथे एका दृष्टिक्षेपात कळतं.

आपल्याकडे जतन म्हणजे सगळं पूर्ववत, नवं, रंगरंगोटी केलेलं, दिव्यांनी झगमगणारं, अशी समजूत आहे. त्यामुळे प्रत्येक प्रस्तावाचा आकडा फुगतो आणि प्रस्ताव पडून राहतो. हॅवलॉकच्या छप्पन गाळ्यांपैकी सहा सुरक्षित करून उघडले तरी पुष्कळ झालं. पांबनचा शेर्झर गाळा काठावर आणून, त्याचे लिव्हर फिरवता येतील असा उभा केला तर एखाद्या शाळकरी मुलाला तो हाताने उघडता येईल. संपूर्ण पूल वाचवण्याच्या हट्टापायी काहीच न वाचणं, हे आपल्या हातून पुन्हा पुन्हा झालं आहे.

आणखी एक विसंगती मला खुपते. जागतिक वारशाच्या यादीत आपल्या रेल्वेचे चार मान आहेत: दार्जिलिंग 1999, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004, निलगिरी 2005, कालका-सिमला 2008. चारही चालू आहेत. चालू गाडीचा वारसा आपल्याला कळतो, थांबलेल्या गाडीचा कळत नाही. शंभर वर्षांहून जुनी वास्तू संरक्षित करण्याची सोय 1958 च्या केंद्रीय कायद्यात आणि 1960 च्या आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. किल्ला, लेणं, मंदिर, मशीद डोळ्यांपुढे येतात, रेल्वेचा पूल येत नाही. कायद्यात अडचण नाही, आपल्या नजरेत आहे.

आणि हे पांबन-राजमहेंद्रीचंच दुखणं नाही. महाराष्ट्रात गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलताना किती छोटे पूल मागे पडले असतील! मिरजेपासून लातूरपर्यंतची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवर धावायची. ती रुंद झाली तेव्हा काही ठिकाणी मार्गच बदलला, जुन्या ओढ्यांवरचे दगडी खांब शेतात उरले. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला थांबली आहे. एकोणिसशे चौऱ्याण्णवपर्यंत तिला मँचेस्टरचं 1921 चं वाफेचं इंजिन ओढत होतं. गाडी परत यावी म्हणून तिथली माणसं झगडत आहेत आणि त्यांची मागणी माझ्या कुठल्याही वारसाप्रेमापेक्षा मोठी आहे, कारण त्यांना एस. टी.च्या तिकिटापेक्षा स्वस्तात जिल्ह्याच्या गावाला जायचं आहे. गाडी परत आली तर उत्तमच. पण ती नव्या रुळांवर, नव्या पुलांवरून येईल. मग जुन्यांचं काय, हे त्याच दिवशी ठरलं नाही तर खांबांचे दगड कुणाच्या तरी जोत्यात जातील आणि गर्डर लिलावात.

तेव्हा व्यवहाराचं बोलू. नवा पूल मंजूर होताना जुन्याच्या पाडकामासाठी जी रक्कम धरली जाते, ती जुना पूल राखायचा ठरल्यास त्याच्या नावे ठेव म्हणून ठेवावी. पूल रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे रीतसर द्यावा, नुसता ‘वापरा’ म्हणून नव्हे, तर नकाशे आणि आजवरच्या तपासणीच्या नोंदींसकट. कारण कुठला खांब कधी खचला होता हे त्या नोंदींतच असतं. दरवर्षी पावसाळ्यानंतर अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासणी करून तिचा निकाल पुलाच्या तोंडाशी मराठीत लावावा: किती माणसं एकावेळी, कुठवर, पुढची तपासणी कधी. राखणीला आणि माहिती सांगायला गावातलीच माणसं घ्यावीत. निवृत्त ट्रॅकमन मिळाला तर त्याच्याइतका जाणता माणूस नाही. ज्याने चाळीस वर्षं हातोडीने रुळांचे सांधे जोडणारी फिशप्लेट ठोकून आवाजावरून ढिली नट ओळखली, त्याला ऐकायला मुलांनी यावं. पूल राखण्याजोगा नसेल तर तसं लेखी सांगून पाडावा, पण त्याआधी त्याची मापं, छायाचित्रं आणि ज्यांनी तिथे काम केलं त्यांच्या आठवणी घेऊन ठेवाव्यात आणि लोकांना एक दिवस तो पाहायला द्यावा. एप्रिल 2020 मध्ये द्रुतगती मार्गावरचा जुना अमृतांजन पूल सुरुंगाने पाडला गेला. वाहतुकीची कोंडी खरी होती, अपघात खरे होते, रिकाम्या रस्त्याची संधी साधणं समजण्यासारखं होतं. पण टाळेबंदी होती. ज्यांनी आयुष्यभर त्याच्याखालून घाट उतरला त्यांतल्या कुणालाही शेवटचं पाहायला जाता आलं नाही.

शकुंतलेच्या आणि बार्शी लाइटच्या मार्गांवरचे जुने पूल मोजायला, त्यांची स्थिती लिहायला आणि कुठल्या चार-पाचांवर लोकांना नेता येईल हे ठरवायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. यवतमाळ, अमरावती, सोलापूर, धाराशिव, लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या पावसाळ्यानंतर, ओढे उतरल्यावर, ही पाहणी हाती घ्यावी.